ब्रिटनचा कौल आणि सामान्यांचे मन

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. बाहेर पडावे असे म्हणणारे १ कोटी ७४ लाख निघाले, राहावे असे म्हणणारे १ कोटी ६१ लाख. शेकडेवारीने सांगायचे तर ५१.९ विरुद्ध ४८.१. पुढील घडामोडी आपण वृत्तपत्रांतून वाचल्याच आहेत. पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी निकालाच्या सकाळीच पद सोडण्याची घोषणा केली. त्यांच्यामागून थेरेसा मे आल्या आणि गेल्या, बोरिस जॉन्सन आले आणि अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले. त्या राजकारणाची उजळणी करण्याचा आमचा हेतू नाही. मत देऊन घरी परतलेल्या माणसांच्या, आणि ज्यांना मत देण्याचा अधिकारच नव्हता अशा माणसांच्या मनाचे पुढे काय झाले, याचा विचार येथे आम्ही करू इच्छितो. आपल्या आणि गोव्याच्या धर्मग्रामांतील किती तरी घरांची माणसे त्या देशात पोटापाण्यासाठी गेलेली आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

निकाल २४ जूनच्या पहाटे स्पष्ट झाला. तो दिवस संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माच्या सणाचा. गोव्यात या दिवशी सांजांव साजरा होतो. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात आणि नव्या जावयाचे कौतुक होते. त्या सणाच्या सकाळी स्विंडन, साउथॉल, वेंबली येथील गोवेकर कुटुंबांत 'आता आपले काय?' याखेरीज दुसरा विषय नसणार, हे सांगायला नको.

प्रथम जी भावना सर्वत्र दिसली ती सुन्नपणाची होती. हरलेले सुन्न झाले हे समजण्यासारखे आहे. परंतु जिंकलेल्यांपैकीही अनेकांना आपण जिंकू असे वाटले नव्हते. आपले मत म्हणजे सरकारला दिलेला एक इशारा, अशा समजुतीने काहींनी ते दिले होते. सकाळी उठून पाहतात तो इशाऱ्याचा निर्णय झालेला! पुन्हा सार्वमत घ्यावे या मागणीच्या अर्जावर थोड्याच दिवसांत चाळीस लाखांहून अधिक सह्या पडल्या. हरलेल्या बाजूचे लोक आपल्या मनःस्थितीचे वर्णन करताना घरातील मृत्यूचे किंवा घटस्फोटाचे शब्द वापरत होते. एका करारातून देश बाहेर पडतो आणि माणसे शोक करतात, हे आपल्याला अतिशयोक्तीचे वाटेल. पण ज्या पिढीने जन्मापासून स्वतःला ब्रिटिश आणि युरोपीय असे दोन्ही मानले, तिच्या अर्ध्या ओळखीवर त्या दिवशी फुली मारली गेली होती.

त्यातून पिढ्यांमधील वाद उफाळला. मतचाचण्यांनुसार अठरा ते चोवीस वयोगटातील सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला होता, तर पासष्टीच्या पुढील दर पाचांतील सुमारे तिघांनी बाहेर पडण्याच्या बाजूने. 'तुम्ही आमचे भविष्य हिरावून घेतले' असे नातवंडे म्हणू लागली, आणि 'आम्ही काय पाहिले ते तुम्हांला ठाऊक नाही' असे आजीआजोबा. येथे एक गोष्ट विसरली जाते. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय समुदायात दाखल झाले आणि ५ जून १९७५ रोजी तेथे याच विषयावर पहिले सार्वमत झाले. त्यात ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला होता. म्हणजे २०१६ साली ज्या वृद्धांना दोष दिला गेला, त्यांच्यातील बरेचजण तरुणपणी युरोपच्या बाजूने उभे राहिलेले होते. चाळीस वर्षांत त्यांचे मन का पालटले, हे विचारण्याची तसदी त्या उन्हाळ्यात फार थोड्यांनी घेतली.

ते उत्तर शोधायचे असेल तर लंडन सोडून दूर जावे लागते. वेल्समधील एब्बू व्हेल हे गाव पोलादावर जगत होते. तेथील पोलादाचा कारखाना २००२ साली कायमचा बंद झाला. त्यानंतर युरोपीय संघाच्या पैशांतून तेथे रस्ते सुधारले, महाविद्यालय उभे राहिले, बंद पडलेला रेल्वेमार्ग २००८ साली प्रवाशांसाठी पुन्हा खुला झाला. तरीही त्या भागातील ६२ टक्के मतदारांनी संघाबाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. लंडनच्या पत्रकारांनी याला कृतघ्नपणा म्हटले, कोणी अज्ञान म्हटले. आम्हांला हे दोन्ही शब्द अन्यायाचे वाटतात. ज्या गावाचे आजोबा, वडील आणि मुलगा एकाच भट्टीवर कामाला जात, त्या गावाला नवा रस्ता दिला म्हणजे गेलेला मान परत मिळतो असे नाही. त्या रस्त्याने तरुण मुले गाव सोडून जातात, एवढेच. रस्त्याच्या कडेला लावलेली, युरोपच्या निळ्या झेंड्याची पाटी त्या लोकांना दुसऱ्याच्या दानाची आठवण करून देत होती. माणसाला दान नको असते, काम हवे असते. आपल्या ख्रिस्तसभेने श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ जे शिकवले आहे, ते या एका गावाच्या मतपेटीत वाचता येते.

इंग्लंडच्या पूर्वेकडील बॉस्टन या शेतीच्या गावात प्रश्न वेगळा होता. २००४ साली पूर्व युरोपातील देश संघात आले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच देशांनी तेथील कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडले. पोलंड, लिथुएनिया, लाटविया येथून हजारो माणसे भाजीपाल्याच्या शेतांवर आणि पॅकिंगच्या कारखान्यांत कामाला आली. लहान गावाचे रूप दहा वर्षांत पालटले. दवाखान्यात नंबर लागेना, भाडी वाढली, शाळेत अनेक भाषा ऐकू येऊ लागल्या. नवे लोक कष्टाळू होते, त्यांच्यामुळे चर्चमधील बाके भरली, शेतमालकांची भरभराट झाली. पण वाढलेल्या गर्दीसाठी डॉक्टर आणि शिक्षक पाठवण्याचे काम ज्या सरकारचे होते त्याने ते पुरेसे केले नाही, आणि त्याचा राग त्या शेजाऱ्यावर निघाला. बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. सबंध देशातील हे सर्वांत मोठे प्रमाण.

आणखी एक भावना होती, तिच्याकडे जाणकारांचे लक्ष उशिरा गेले. ब्रिटनच्या निवडणूक पद्धतीत कित्येक मतदारसंघ पिढ्यान् पिढ्या एकाच पक्षाकडे असतात. तेथील मतदाराला आपल्या मताने काही बदलेल असे वाटेनासे झाले होते. सार्वमतात प्रत्येक मत सारखेच मोजले जाणार होते. एकूण मतदान ७२.२ टक्के झाले. १९९२ नंतरच्या कोणत्याही देशव्यापी मतदानात एवढे लोक बाहेर पडले नव्हते. पोलाद गेलेल्या, कोळसा गेलेल्या गावांतील माणसांना कित्येक वर्षांनी प्रथमच वाटले की आपला आवाज राजधानीपर्यंत पोहोचला. हा आनंद खरा होता. त्यात परक्यांचा द्वेषच होता असे म्हणणे म्हणजे १ कोटी ७४ लाख माणसांना एकाच तराजूत तोलणे होय.

परंतु द्वेष नव्हताच, असेही म्हणता येत नाही. मतदानाच्या सातच दिवस आधी, १६ जून रोजी, जो कॉक्स या खासदार महिलेचा उत्तर इंग्लंडमधील तिच्याच मतदारसंघात भररस्त्यात खून झाला. मारेकरी टोकाचा राष्ट्रवादी होता. दोन लहान मुलांची ही आई निर्वासितांच्या बाजूने बोलत असे. आपल्याला वेगळे करणाऱ्या गोष्टींपेक्षा आपल्यात समान असणाऱ्या गोष्टी पुष्कळ अधिक आहेत, असे तिने संसदेतील आपल्या पहिल्या भाषणात सांगितले होते. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी, २६ जूनला, लंडनमधील हॅमरस्मिथ येथील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कोणीतरी शिवीगाळ रंगवून ठेवली. सरकारी आकडेवारीनुसार जुलै २०१६ मध्ये वंश व धर्म यांवरून झालेले गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढले. बसमध्ये आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला 'आता परत कधी जाणार?' असे विचारले जाऊ लागले. विचारणाऱ्याला ती थट्टा वाटत असेल. ऐकणाऱ्याने मात्र पुढच्या वेळी बसमध्ये मुलाशी मातृभाषेत बोलायचे टाळले. असे टाळणे कोणत्याही सरकारी आकड्यात येत नाही.

त्याच पोलिश केंद्राच्या दाराशी पुढील काही दिवस शेजारपाजारचे इंग्रज लोक फुले आणि पत्रे ठेवून जात होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांतील किती जणांनी कोणत्या बाजूने मत दिले होते, कोण जाणे.

त्या रविवारी जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी जी वाचने झाली, ती सामान्य काळातील तेराव्या रविवारची. ती कोणी निवडलेली नव्हती, क्रमानेच आली होती. संत पौल गलतीकरांना बजावतो की, तुम्ही एकमेकांना चावत आणि फाडत राहिलात तर एकमेकांच्या हातूनच संपून जाल. लूकच्या शुभवर्तमानात शोमरोनी लोक येशूला आपल्या गावात थारा देत नाहीत. याकोब आणि योहान चिडतात, आकाशातून अग्नी पाडून या गावाची राख करावी काय, असे विचारतात, आणि प्रभू त्या दोघांनाच दटावतो. मग सगळे मुकाट्याने दुसऱ्या गावाची वाट धरतात. त्याच उताऱ्याच्या शेवटी, नांगराला हात घालून मागे वळून पाहणाऱ्याविषयीचे वचन आहे. त्याचा उपयोग दोन्ही बाजूंना आपापल्या परीने करता आला असता. पण त्या सकाळी बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या आणि शांतीची खूण म्हणून एकमेकांचा हात हाती घ्यायची वेळ आलेल्या भाविकांना, चावण्याफाडण्याचा तो इशारा अधिक जवळचा वाटला असेल.

ब्रिटनमधील ख्रिस्तसभेने या वादात कोणती भूमिका घेतली, असा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या महागुरूंनी मतदानापूर्वी काढलेल्या निवेदनात अमुक बाजूने मत द्या असे सांगितले नाही. विवेक जागा ठेवून, प्रार्थना करून निर्णय घ्या, एवढेच सांगितले. हे काहींना पळपुटेपणाचे वाटले. आम्हांला तसे वाटत नाही, कारण या प्रश्नावर कॅथलिक शिकवणच दोन्हीकडे बोट दाखवीत होती. एका बाजूला, युरोपच्या एकीची पायाभरणी करणारे रॉबर्ट शूमन, कोनराड आडेनावर आणि आल्चिदे दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धावंत कॅथलिक होते. दोन महायुद्धांत एकमेकांचे गळे कापणाऱ्या फ्रान्स आणि जर्मनीने कोळसा व पोलाद एकत्र करावे, म्हणजे पुन्हा युद्ध करणे अशक्य होईल, अशी योजना शूमन यांनी ९ मे १९५० रोजी मांडली. या शूमन यांना पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली 'आदरणीय' ही पदवी दिली, म्हणजे संतपदाच्या वाटेवरील एक पायरी ते चढले. दुसऱ्या बाजूला, पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात सांगितले होते की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. ब्रुसेल्समध्ये बसलेले अधिकारी आमचे निर्णय घेतात, अशी तक्रार करणारा इंग्रज मच्छीमार हे परिपत्रक वाचलेला नसेल, पण तक्रार त्याच सुराची होती.

निकाल लागला तेव्हा पोप फ्रान्सिस आर्मेनियाच्या वाटेवर होते. हा जनतेचा कौल आहे आणि आता ब्रिटनच्या लोकांचे भले व युरोपातील सहजीवन सांभाळण्याची मोठी जबाबदारी सर्वांवर आली आहे, असे त्यांनी विमानात पत्रकारांना सांगितले. परतीच्या वाटेवर त्यांनी असेही सुचविले की, एकत्र राहण्याची नवी, अधिक मोकळी रीत युरोपीय संघाला शोधावी लागेल. त्या वेळी वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप असलेले कार्डिनल व्हिन्सेंट निकल्स यांनी मतभेद कितीही तीव्र असले तरी आदराने वागण्याचे आवाहन केले आणि एक गोष्ट विशेष करून सांगितली: अप्रामाणिक मालक आणि माणसांचा व्यापार करणारे यांच्या तावडीत जे सहज सापडतात, अशा दुर्बलांचे रक्षण व्हावे. नेत्यांच्या त्या दिवसांतील भाषणांत या लोकांची आठवण आम्हांला क्वचितच आढळली.

आता गोवेकरांकडे वळू. गोवा, दमण, दीव हे प्रदेश १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्या दिवसापूर्वी तेथे जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुलानातवंडांना, पोर्तुगालचा कायदा आपले नागरिकत्व मिळविण्याची मुभा देतो. लिस्बनमध्ये जन्माची नोंद करावी लागते, कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. (आमच्या वसईकर वाचकांपैकी कोणी आशा धरली असेल तर सांगतो: वसई १७३९ सालीच मराठ्यांनी घेतली, तेव्हा हा मार्ग आपल्यासाठी नाही.) पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की युरोपीय संघातील कोणत्याही देशात राहता आणि काम करता येते. गोवेकरांनी निवडला तो देश इंग्लंड, कारण भाषा येत होती आणि ओळखीचे कोणीतरी आधीच पोहोचले होते. पूर्वी तारवटी होऊन बोटीवर जाणारा किंवा आखातात जाणारा गोवेकर आता स्विंडनच्या गोदामात, हीथ्रो विमानतळावर, वृद्धांच्या केअर होममध्ये दिसू लागला. क्लिफ्टन धर्मप्रांतातील स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वसाहतच झाली. दमण आणि दीवहून गेलेली पुष्कळ कुटुंबे लेस्टर शहरात आहेत.

या पासपोर्टची किंमत मोठी असते. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाप्रमाणे, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. त्यामुळे आपल्या गावच्या निवडणुकीत त्याचे मत जाते. आणि मग आली २०१६ सालची विचित्र परिस्थिती. ब्रिटनच्या सार्वमतात मत देण्याचा अधिकार ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातील नागरिकांना होता. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन राहणारा गोवेकर युरोपविषयीच्या या प्रश्नावर मत देऊ शकत होता. पोर्तुगीज पासपोर्टवर वीस वर्षे राहिलेला, कर भरणारा त्याचा सख्खा भाऊ मात्र देऊ शकत नव्हता. ज्याचे सर्वस्व पणाला लागले होते त्याने घरी बसून निकाल पाहायचा होता. भारतात मत गमावलेले, ब्रिटनमध्ये या प्रश्नावर मत नसलेले, आणि जेथे मत आहे त्या पोर्तुगालात कधी राहिलेच नाहीत, अशी ही माणसे. स्विंडन शहराने ५४.७ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा त्यांच्या शेजाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मतदार त्या बाजूला होते. या शेजाऱ्यांना गोवेकर निघून जावेत असे वाटत होते काय? बहुतेकांना तसे वाटत नसावे. प्रश्न विचारताना 'तुम्ही नव्हे, ते दुसरे' असे सांगणारा शेजारी प्रत्येक वसाहतीत असतो. पण कायदा लिहिताना 'तुम्ही' आणि 'ते दुसरे' असे रकाने नसतात.

सार्वमतानंतरची तीन वर्षे अनिश्चिततेची गेली. येथे असलेल्या युरोपीय नागरिकांचे हक्क कायम राहतील, असे साधे वचन द्यायलाही दोन्ही बाजूंच्या मुत्सद्द्यांनी फार वेळ लावला. माणसे वाटाघाटीतील पत्ते झाली होती. अखेर ३० मार्च २०१९ रोजी सरकारी नोंदणीची योजना पूर्णपणे खुली झाली. सुरुवातीला तिच्यासाठी ६५ पौंड शुल्क ठरले होते, ते टीकेनंतर रद्द झाले. पाच वर्षे पूर्ण केलेल्यांना कायम वास्तव्याचा दर्जा, इतरांना तात्पुरता. ३० जून २०२१ या मुदतीपर्यंत साठ लाखांवर अर्ज आले. सरकारचा अंदाज त्याहून खूपच कमी होता! आपल्या देशात कोण राहते हेही ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी कोणी राहावे यावर सार्वमत घेतले होते.

या नोंदणीचा पुरावा म्हणून हातात धरता येईल असे कार्ड मिळाले नाही. सगळे संगणकावर. तरुणांना त्याचे काही वाटले नाही. परंतु आयुष्यभर शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसांना याची धास्ती होती आणि ती अनाठायी नव्हती. २०१८ सालीच ब्रिटनमध्ये विंडरश प्रकरण उघडकीस आले होते. कॅरिबियन बेटांतून १९४८ नंतर कायदेशीरपणे येऊन अर्धशतक राहिलेल्या लोकांपैकी अनेकांना जुने कागद दाखवता न आल्याने नोकरी, औषधोपचार आणि काहींना तर देशही गमवावा लागला होता. ते उदाहरण समोर असताना 'सगळे ठीक होईल' या आश्वासनावर कोणी विसंबावे?

स्विंडनच्या कथेत एक पुढचा भागही आहे. होंडा कंपनीने तेथील मोटारींचा कारखाना बंद करण्याचे फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२१ मध्ये तो बंद झाला. सुमारे साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. शहरात यावरही वाद झालाच. पण नोकरी गेल्याची चिठ्ठी हाती आली तेव्हा कोणी कोणत्या बाजूने मत दिले होते, याने काही फरक पडला नाही.

उत्तर आयर्लंडची गोष्ट मात्र सर्वांत नाजूक होती. तेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतील तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, शांततेचा करार झाला. त्या कराराने तेथे जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याची मोकळीक दिली. दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने, आयर्लंडचे दोन भाग करणारी सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा हळूहळू डोळ्यांआड झाली. लष्करी मनोरे पाडले गेले, तपासणी नाकी गेली. शेतकऱ्याचे घर एका देशात आणि गोठा दुसऱ्यात, अशी स्थिती असली तरी कोणाला त्याचे काही वाटेनासे झाले. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला, डेरी शहराच्या मतदारसंघात तर ७८ टक्क्यांनी. तरीही इंग्लंडच्या मतांच्या जोरावर त्यांना बाहेर पडावे लागले. सीमेवर पुन्हा नाके येणार, या कल्पनेने तेथील वृद्ध माणसांच्या पोटात जो गोळा आला तो व्यापाराच्या चिंतेचा नव्हता. त्या नाक्यांवर कोणाकोणाचे काय झाले, हे त्यांना आठवत होते.

तोडगा निघाला तो असा की, तपासणी जमिनीवरील सीमेऐवजी समुद्रात, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या दरम्यान व्हावी. त्यामुळे कॅथलिकांची धास्ती कमी झाली, पण आपल्याच देशाने आपल्याला तोडून टाकले अशी भावना प्रोटेस्टंट समाजात पसरली. एप्रिल २०२१ मध्ये बेलफास्ट येथे दोन वस्त्यांमधील भिंतीच्या दोन्ही बाजूंना पोरेटोरे दगड आणि पेटत्या बाटल्या घेऊन उभी राहिली. दंगलीला इतर कारणेही होती, पण हे एक होतेच. करार झाला तेव्हा त्यांतील कित्येकांचा जन्मही झाला नव्हता. २०२३ सालच्या विंडसर करारानंतर परिस्थिती पुष्कळशी निवळली आहे. दरम्यान, ब्रिटिश म्हणवून घेण्यात ज्यांनी आयुष्य घालवले अशा प्रोटेस्टंट घरांतूनही आयरिश पासपोर्टसाठी अर्ज गेले. घरातील मोठ्यांना न सांगता केलेले अर्जही त्यांत असतील.

बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांना पुढे काय मिळाले? बसगाडीवर रंगवलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड त्यांना त्या रूपात कधी दिसले नाहीत. तो आकडाच दिशाभूल करणारा असल्याचे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने आधीच सांगितले होते. परदेशांतून येणाऱ्यांची संख्या कमी होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. युरोपीय लोक येणे कमी झाले खरे. परंतु रुग्णालये आणि केअर होम रिकामी ठेवता येत नव्हती. २०२१ पासूनच्या नव्या व्हिसा पद्धतीत युरोपबाहेरील लोक मोठ्या संख्येने आले, आणि त्यांत भारतीय अग्रभागी होते. जून २०२३ अखेरच्या वर्षात येणारे व जाणारे यांच्यातील फरक नऊ लाखांच्या वर गेला. सार्वमताच्या वेळच्या आकड्याच्या दुपटीहूनही तो अधिक होता. केरळच्या परिचारिकांनी इंग्लंडमधील चर्च भरून गेली. पोप फ्रान्सिस यांनी सिरो-मलबार भाविकांसाठी ग्रेट ब्रिटनचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला तो २८ जुलै २०१६ रोजी, म्हणजे सार्वमतानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी. त्या गडबडीत तिकडे कोणाचे लक्ष गेले नसेल. पुढे सरकारने नियम पुन्हा आवळले. जुलै २०२५ पासून परदेशांतून नवे केअर कामगार आणणे बंद झाले आणि आकडा झपाट्याने खाली आला.

त्यामुळे आज समाधानी असा पक्षच उरलेला नाही. बाहेर पडणे चुकले, असे मतचाचण्यांत निम्म्याहून अधिक लोक गेली काही वर्षे सातत्याने सांगत आले आहेत. परंतु चुकले म्हणणाऱ्यांतही काही जण निर्णय चुकला म्हणतात, तर काही जण तो नीट अमलात आला नाही म्हणतात. पुन्हा सार्वमत हवे काय, असे विचारले की पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. ज्या घरांत २०१६ साली भांडणे झाली, तेथे त्या विषयावर बोलायचे नाही असा अलिखित करार झालेला आहे. नाताळच्या जेवणापुरता तो उपयोगी पडतो. आमच्या मते मात्र न बोलण्याने सलोखा होत नाही. एब्बू व्हेलच्या माणसाला स्विंडनच्या गोवेकराची धास्ती आणि गोवेकराला एब्बू व्हेलचा अपमान समजला असता, तर दोघांनाही आपण एकाच गोष्टीला घाबरत होतो हे कळले असते: आपल्याच राहत्या घरात परके होण्याला.

गोव्याच्या घरांत तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. समजा, पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला दोन भाऊ राहतात. दोघेही २०१५ साली गेले, दोघांनाही कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला. थोरल्याचे लग्न २०१९ साली गावच्या चर्चमध्ये झाले. त्या नात्याच्या आधारे त्याची पत्नी नोंदणीच्या योजनेखाली त्याच्याकडे जाऊ शकते. धाकट्याची आपल्या वधूशी ओळख २०२१ साली झाली आणि त्याच चर्चमध्ये, त्याच वेदीसमोर लग्न झाले. योजनेतील नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असावे लागते, म्हणून त्याच्या पत्नीला साध्या कौटुंबिक व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंडांची मिळकत दाखवावी लागते. त्यापूर्वी ही अट १८,६०० पौंडांची होती. गोदामात किंवा केअर होममध्ये काम करणाऱ्याला तेवढा आकडा गाठायचा तर रात्रपाळ्या आणि जादा तास पत्करावे लागतात. तो गाठेपर्यंत सून गोव्यात सासूपाशी राहते आणि नवऱ्याचे तोंड मोबाइलच्या पडद्यावर पाहते.